आतड्याचा आजार आणि विटाळाची लाज

चळवळीत आजारांचीही एक उतरंड आहे. मधुमेह आणि रक्तदाब हे चारचौघांत बोलता येण्याजोगे आजार. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. एखाद्या ज्येष्ठ कार्यकर्त्याला हृदयाचा त्रास आहे म्हटले की कोणीतरी उठून खुर्ची देतो. पण "मला दिवसातून बारा वेळा संडासला जावे लागते आणि रक्त पडते" हे वाक्य तुम्ही कोणत्या मंचावरून, कोणत्या शिबिरात, निदान बैठकीनंतर चहाच्या टपरीवर तरी ऐकले आहे का? पंधरा वर्षांच्या कामात आम्ही ऐकलेले नाही. म्हणून आम्ही आमचेच लिहितो आहोत. त्यात जे शब्द यायचे ते तसेच येतील.

आम्हाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. निदानाला आठ वर्षे होत आली. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात आणि त्यातून रक्त आणि आव जाते. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. तिने असे का करावे याचे एकच एक कारण सापडलेले नाही. अनुवंश, आतड्यातले जिवाणू, भोवतालची परिस्थिती अशा अनेक गोष्टींचा तो मिळून परिणाम असतो. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो कायमचा घालवणारी गोळी नाही, पण नियमित औषधाने तो वर्षानुवर्षे शांत राहू शकतो. डॉक्टर रेमिशन आणि फ्लेअर म्हणतात, आमच्या घरी 'झोपलाय' आणि 'उठलाय' म्हणतात.

तो उठला की काय होते? बेंबीच्या खाली डावीकडे कोणीतरी ओले धुणे पिळावे तसा मुरडा येतो. मग हातात मिनिट-दोन मिनिटे असतात, त्याहून जास्त नाही. बैठकीत ठराव वाचत असलात, दुचाकीवर असलात, लग्नाच्या पंगतीत असलात तरी तेवढीच. जाऊन आले तरी अजून राहिल्यासारखे वाटते, म्हणून पुन्हा जायचे. रात्री झोपेतून उठायचे. थकवा असा की जिना चढताना मध्ये थांबावे लागते, आणि लोक म्हणतात, "तरुण माणूस तू, एवढ्यात दमलास?"

पहिले चार महिने आमच्यावर मूळव्याधीचे उपचार झाले. रक्त म्हटले की मूळव्याध, हे आपल्याकडे ठरलेलेच आहे. एसटी स्टँडच्या भिंतीपासून लोकलच्या डब्यापर्यंत 'मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज' हीच जाहिरात. एका खासगी दवाखान्याने तपासल्याशिवाय मलम लिहून दिले. दुसऱ्याने अमीबाची आव समजून गोळ्यांचे दोन कोर्स दिले. अमीबा आपल्या पाण्यात असतोच, त्यामुळे पहिल्या वेळी तसे वाटणे गैर नाही. पण औषध पूर्ण घेऊनही रक्त थांबत नसेल, वजन उतरत असेल, रात्रीही उठावे लागत असेल, तर पुढची तपासणी मागून घ्या. शौचाच्या जागेतून कॅमेऱ्याची नळी आत घालून आतडे बघतात आणि बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. तिला कोलोनोस्कोपी म्हणतात. ऐकायला भयंकर वाटते, पण गुंगीचे इंजेक्शन दिले की फारसे कळत नाही. त्यापेक्षा आदल्या रात्री पोट साफ करायचे खारट पाणी पिणे जास्त जड जाते.

आपल्या वस्त्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. टीबी फक्त छातीचा नसतो, आतड्याचाही असतो. कोलायटिसचा सख्खा भाऊ म्हणावा असा क्रोन्स नावाचा आजार आणि आतड्याचा टीबी हे इतके सारखे दिसतात की तज्ज्ञांनाही वेगळे करणे कठीण जाते. टीबी असताना नुसती स्टिरॉइड दिली तर टीबी बळावतो. म्हणून कोणाच्या ओळखीच्या 'पोटवाल्या' डॉक्टरने किंवा मेडिकल दुकानदाराने अंदाजाने दिलेली स्टिरॉइड घेऊ नका. आणि योग्य निदानानंतर सुरू झालेली स्टिरॉइड एकदम बंदही करू नका, ती पायरीपायरीने उतरवावी लागतात. त्या काळात आमचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला होता. भेटेल तो म्हणायचा, "तब्येत सुधारली की!" वजन साठवरून एकोणपन्नासवर आले होते, पण गालांकडे बघून सगळे खूश!

त्या वेळी आम्ही एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात अकरा दिवस होतो. हिमोग्लोबिन सातवर आलेले, हाताला सलाईन. वॉर्डाचा एक संडास चालू आणि दुसऱ्याला कुलूप. दारापर्यंत पोचायचा धीर निघत नसे, म्हणून बेडपॅन. तो उचलायला येणाऱ्या मावशी कंत्राटी कामगार, आपल्याच समाजाच्या. गळ्यातले निळे लॉकेट बघून पहिल्या दिवशी आम्ही जयभीम केला, तेव्हा त्यांनी आधी इकडेतिकडे बघितले आणि मग हळूच उत्तर दिले. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची मंडळी त्या आल्या की नाकाला पदर लावत आणि आपली पाण्याची बाटली खाटेच्या पलीकडच्या बाजूला सरकवत. बेडपॅन आमचा होता, पण बाटली मावशींपासून वाचवली जात होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडला शिकाऊ डॉक्टर आले आणि विचारले, मोशन किती झाले? रात्रभरच्या तापात आम्हाला आकडा सांगता येईना. दाराशी उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "नऊ येळा झालं साहेब. पहाटच्या दोन्हीत रगत जास्ती होतं. लालभडक, काळं न्हाई." डॉक्टरांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितले आणि ते कागदावर लिहून घेतले. त्या दिवशी औषधाचा निर्णय बदलला.

मावशींच्या त्या दोन वाक्यांत किती वैद्यक होते हे आम्हाला नंतर वाचताना कळले. दिवसात रक्ताचे सहा किंवा जास्त संडास आणि सोबत ताप, वाढलेली नाडी किंवा उतरलेले रक्त असेल तर हा आजार तीव्र धरतात. म्हणजे संडास मोजणे हेच निदानाचे माप. काळा डांबरासारखा शौच असेल तर रक्तस्राव बहुधा वर, जठराकडे असतो. ताजे लाल रक्त बहुधा खालच्या आतड्यातून येते. वर्षानुवर्षे लोकांचा मैला उचलणाऱ्या बाईला हा फरक माहीत होता. पण त्या इमारतीत तिला काही माहीत असू शकते असे धरून चालणारे कोणी नव्हते. समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही लुई ड्युमाँ वाचला. शुद्ध आणि अशुद्ध यांच्या विरोधावर जातव्यवस्था उभी आहे, असे त्याचे म्हणणे. परीक्षेपुरते ते ठीक. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता सांगितली, आणि ती खाटेवरून स्पष्ट दिसते. घाण सर्वांच्या पोटात तयार होते, पण ती हाताळणे एका जातीच्या वाट्याला येते आणि तिच्याबद्दलचे ज्ञानही त्या जातीबरोबरच विटाळलेले ठरते. मग पेशंट लाजतो, डॉक्टर घाईत असतो आणि ज्याला ठाऊक असते त्याला कोणी विचारत नाही. निदान उशिरा होते ते असे.

आता तथागतांकडे येऊ. विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला आहे आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून आहे. भगवान बुद्ध आनंदाबरोबर विहारात फिरताना तिथे येतात आणि विचारतात, तुझी सेवा करणारे कोणी आहे का? नाही. का नाही? तर तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही म्हणून. बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात. दोघे मिळून त्याला धुतात आणि एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून उचलून बिछान्यावर ठेवतात. मग संघाला बोलावून सांगतात की इथे तुम्हाला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धांची माणुसकी सांगताना हा प्रसंग मुद्दाम घेतला आहे.

आपल्या प्रवचनांत हा प्रसंग करुणेची गोष्ट म्हणून येतो. आम्हाला तो त्याहून कडक वाटतो. त्याच ठिकाणी आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला कोणते गुण हवेत हेही सांगितले आहे. औषध तयार करता यावे, काय चालते आणि काय चालत नाही हे कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, आणि मलमूत्र, ओकारी उचलताना किळस वाटू नये. हा शेवटचा गुण कोणत्याही एका जातीला सांगितलेला नाही, सगळ्या संघाला सांगितला आहे. आजाऱ्याच्या बाजूनेही अट आहे की त्याने आपला आजार जसा आहे तसा सेवा करणाऱ्याला सांगावा. म्हणजे लपवू नये. अडीच हजार वर्षांपूर्वी!

महापरिनिब्बान सुत्तात तर खुद्द तथागतांच्या शेवटच्या आजाराचे नावच लोहितपक्खन्दिका असे येते, म्हणजे रक्ताची हगवण. चुंद लोहाराच्या घरच्या जेवणानंतर तीव्र वेदना आणि रक्त, आणि त्याच अवस्थेत कुसिनाऱ्यापर्यंतची चाल. चुंदाला कोणी दोष देऊ नये, हेही तेव्हा आनंदाला सांगून ठेवले. ज्या शास्त्याच्या मृत्यूचे कारण ग्रंथात इतके उघड लिहिले आहे, त्याचे उपासक दवाखान्यात "गॅसचा त्रास आहे" असे सांगतात, याला काय म्हणावे?

घरात आणखी एक लढाई असते. आमची एक आत्या, धम्मदीक्षेच्या पिढीतली, पंचशील तोंडपाठ. ती उशाशी बसून म्हणाली, "बाळा, मागच्या जन्माचं काही असंल." आम्ही म्हटले, "आत्या, मागच्या जन्माचं बाबासाहेबांनी काय सांगितलंय?" ती गप्प झाली, पण पुढच्या आठवड्यात कोणीतरी दिलेला अंगारा पुडीत बांधून घेऊन आली. आत्यावर आम्ही रागावलो नाही. कारण सांगता न येणारा आजार माणसाला भीती घालतो आणि त्या भीतीच्या दारातून कर्मविपाक घरात येतो. गेल्या जन्मीचे पाप हे या जन्मीच्या विषमतेचे समर्थन आहे, असे आपण जातीबद्दल बोलताना ठणकावतो. आजाराबद्दल बोलतानाही तेच ठणकावायला हवे.

अंगाऱ्यापेक्षा जास्त त्रास झाला तो छापील कागदाचा. एका खासगी रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला. त्यावर सात्त्विक आहार, साजूक तूप, पनीर, आणि लाल अक्षरात 'मांसाहार, अंडी, मासे पूर्ण बंद'. आम्ही विचारले, "मॅडम, अंडी का बंद?" उत्तर आले, "तामसी असतात." हे वैद्यकाचे उत्तर आहे का? रक्त जाऊन शरीर खंगलेले असताना माणसाला प्रथिने लागतात. अंड्याने किंवा मासळीने कोलायटिस होतो असे सिद्ध झालेले नाही. कोणाला काय सोसते हे ज्याचे त्याने वहीत लिहून शोधायचे असते. आमच्या वहीप्रमाणे आजार उठलेला असताना मऊ भात, मुगाचे वरण, उकडलेले अंडे, केळे आणि मासळीचा बिनतिखटाचा रस्सा सोसतो. ठेचा, कच्चा कांदा, दूध आणि (वाईट वाटते, पण) ज्वारीची भाकरी तेव्हा सोसत नाही. आजार झोपला की भाकरी परत येते. त्या कागदावरच्या पनीरच्या भावात आठवडाभराची अंडी येतात. ज्या समाजाचे स्वस्त प्रथिनांचे ताट आधी हिणवले गेले आणि २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्या मांसावर बंदी आल्यावर आणखी आकसले, त्याला दवाखान्यातही जातीचाच आहार लिहून मिळतो.

पैशाचे बोलू. रोजच्या गोळीचे नाव मेसालामिन. ती आजार झोपलेला असतानाही घ्यायची असते, तिथेच पुष्कळ जण सोडतात, कारण बरे वाटत असताना महिन्याला २५०० रुपये कोण काढून ठेवणार? आमचे मानधन तेव्हा १४,००० होते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि तिने अनेकांचे प्राण वाचवले आहेत, पण तिची रचना मुख्यतः दाखल होण्याभोवती आणि ठरलेल्या उपचारांभोवती आहे. दाखल होऊ नये म्हणून रोज जी गोळी घ्यायची, तिची सोय त्यात नाही. हे औषध आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, पण सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर आम्हाला ते आजवर मिळालेले नाही. आम्ही जेनेरिक घेतो, डॉक्टरांना विचारून. गोळीने न भागणाऱ्यांसाठी बायोलॉजिक इंजेक्शने आहेत, त्यांची किंमत ऐकूनच आपली माणसे परत फिरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात हा आजार नाही. रजा, बदली, संडासाजवळचे टेबल यातले काहीही हक्क म्हणून मागता येत नाही.

इथे बाबासाहेबांचे एक काम आठवणे भाग आहे, कारण ते भाषणांत फारसे येत नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात, १९४३ साली, प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली, १९४४ साली अहवाल आला आणि १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. या ईएसआयमध्ये दाखल न होताही डॉक्टर आणि औषध मिळते, आजारपणाच्या रजेत पैसे मिळतात. म्हणजे आमच्यासारख्या आजाराला जे नेमके हवे तेच. मग आम्हाला ते का नव्हते? कारण आमच्या संस्थेच्या कागदावर आम्ही कामगार नव्हतो, 'मानधनावरील कार्यकर्ते' होतो. समतेच्या नावाने चालणाऱ्या किती संस्था असेच करतात हे वाचणाऱ्यांनी आपापल्या नियुक्तिपत्रावर बघावे. दहा किंवा जास्त माणसे आणि महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर आपल्याला ईएसआय लागू होते का, हे लेखी विचारावे. वॉर्डातल्या त्या कंत्राटी मावशींच्या पगारातून पैसे कापले जात होते, कार्ड मात्र ठेकेदाराकडे होते.

आणि संडास. आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथे एका सार्वजनिक संडासापुढे सकाळी वीस माणसांची रांग असते. कोलायटिसच्या माणसाला दोन मिनिटे मिळतात, रांग चाळीस मिनिटांची. त्या वस्तीतल्या एका ताईंना हाच आजार आहे. त्या दुपारी चारनंतर काही खात नाहीत, कारण रात्री तिकडे जाताना भीती वाटते. औषध बरोबर, डॉक्टर बरोबर, तरी वजन वाढत नाही. त्यांच्या आजारावरचा उपचार म्हणून महापालिकेकडे आम्ही संडासाचा अर्ज केला आहे, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडून. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राईट टू पी' मोहीम उभी केली, तेव्हा आपल्यातल्या काही शहाण्यांनी हसून घेतले होते. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे वारस शरीरधर्माच्या हक्काला हसतात!

आपल्या कार्यक्रमांचे काय? ६ डिसेंबरला आम्ही जनरल डब्याने चैत्यभूमीला जातो. डब्याच्या संडासातही माणसे सामान घेऊन उभी असतात. त्यांना दोष नाही, त्यांना दुसरी जागा नाही. शिवाजी पार्कवर महापालिका फिरती शौचालये लावते, पण जिल्ह्याच्या मोर्चात, तालुक्याच्या धम्म परिषदेत, जयंतीच्या मिरवणुकीत काय असते? आम्ही अशा वेळी मार्गावरचे पेट्रोल पंप आणि ओळखीची घरे आधी हेरून ठेवतो. मुली येत नाहीत म्हणून आपण तक्रार करतो आणि त्या का येत नाहीत हे विचारत नाही. कोणी म्हणेल, अत्याचार वाढले, नोकऱ्या गेल्या, आणि यांना संडासाचे सुचते. त्यांना आम्ही विचारतो, अत्याचाराविरुद्धच्या मोर्चात जे येऊच शकत नाहीत, त्यांची मोजदाद कोणी केली आहे?

या वर्षी आमच्या मंडळाच्या जयंतीच्या बैठकीत आम्ही मागणी ठेवली. डीजेच्या खर्चातून दोन फिरती शौचालये आणि आजारी कार्यकर्त्यांच्या औषधासाठी वेगळी पेटी. एक-दोघे हसले. मग बारावीतली एक मुलगी उठून म्हणाली, "दादा बरोबर बोलतात, मी मागच्या वर्षी याच्यामुळेच घरी गेले होते." एक शौचालय मंजूर झाले. पेटीत आजपर्यंत ३,४०० रुपये जमले आहेत.

आठ वर्षे झाल्याने डॉक्टरांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करायला सांगितली आहे. इतकी वर्षे सूज राहिलेल्या आतड्यात कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून ठरावीक काळाने आत बघावे लागते. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. गुंगी देत असल्याने सोबत माणूस आणा, असे चिठ्ठीवर लिहिले आहे. मंडळाच्या ग्रुपवर आम्ही तारीख, वेळ आणि कशाची तपासणी आहे हे स्पष्ट शब्दांत टाकले. तिघांनी येतो म्हणून कळवले. त्यातला एक जण म्हणाला, "मलाही डॉक्टरांना काही विचारायचे आहे."